उघडा कंस

कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिताना सुमेध कंस उघडायचा आणि बंद करायला हमखास विसरायचा. त्यावरून त्याची आणि पूर्वी नावाच्या धाकट्या बहिणीची रोज जुंपायची. शेवटी २००२च्या दिवाळीच्या सुट्टीत दोघांनी गंमत म्हणून स्वतःचीच एक प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली. तिचा नियम एकच: ज्याने कंस उघडला, त्यानेच तो बंद करायचा. नाहीतर स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत पूर्वीने घातलेली ओळ उमटायची, "सुम्या कुठे उलथलाय? हाक मारा त्याला!"

पुढच्या उन्हाळ्यात गिरीज गावात घरामागच्या वाडीत केळींना पाणी सोडताना विहिरीवरच्या पंपाचा शॉक लागून सुमेध गेला. त्यानंतर घरात त्याचं नाव काढायची सोय राहिली नाही. बाबा भरल्या ताटावरून उठून जायचे.

वर्षश्राद्ध झाल्यावर पूर्वीने त्याचा अर्धवट राहिलेला प्रोग्रॅम चालवून पाहिला, आणि तीच ओळ आली. ती घाईघाईने पुसायला गेली, तोच मागून बाबांनी विचारलं, "काय लिहिलंय गं?" तिने चाचरत वाचून दाखवलं.

बाबा खिडकी उघडत म्हणाले, "परत वाच. मोठ्याने. विहिरीपर्यंत जाऊ दे."