खळ्यावरची सावली

बावन्न सालच्या सुगीत, बेडशात झुंबरबाई खळ्यावर भात उफणत होती. मुंबईचं विमान डोक्यावरून गेलं. घरघर पुण्याकडं विरली. विमानाची सावली मात्र पंख पसरून खळ्यावरच पडून राहिली.

"अवं, ही जाईना की!" तिनं नवऱ्याला हाक मारली.

दत्तोबाला सावली दिसेचना. "अर्ध्या तासात पुणं गाठतंय ते. येव्हाना उतरलंबी आसंल," तो हसला.

सूप टाकून झुंबरबाई पळाली. सावलीही तिच्यासंगं पळाली. बांध ओलांडला, ओढा ओलांडला. ऊन वीतभर पुढंच राहिलं. भर दुपारी तिचं अंग गारठलं. ती थांबली.

तिच्या पायाखालच्या मातीतून दमलेल्या आवाजात कुणी बाईनं विचारलं, "मावशी, पुणं आलं का हो?"