सोमवारपर्यंत

पेपर संपल्याची घंटा झाली आणि मुलींनी ग्युरीच्या बाकाभोवती गराडा घातला. भौतिकशास्त्राची उत्तरं जुळवायची ती तिच्याच बाकावर, हा वर्गाचा रिवाज होता. पुढच्या बाकावर उलटी बसून दासोल आधीच तयार होती.

"एक?"

"दुसरा पर्याय."

"माझाही. आणि दोन?"

"पाचवा."

"पाचवाच."

एरवी उत्तर जुळलं की मुली टाळी देतात. इथे उत्तर जुळलं की दोघींचे चेहरे थोडे थोडे उतरत होते. भौतिकशास्त्र घेतलेल्या मुली सगळ्या मिळून पंधरा, आणि पंधराजणींत पहिली श्रेणी एकीलाच. दोघी बरोबरीने वर आल्या तर ती कुणालाच नाही, दोघींची रवानगी दुसरीत. सत्राच्या मधल्या परीक्षेत दोघींचे गुण अगदी सारखे होते. सेऊलच्या विद्यापीठाचं स्वप्नही दोघींचं सारखंच, आणि पहिल्या श्रेणीशिवाय तिथे अर्ज करून उपयोग नव्हता. म्हणजे आज कुणीतरी एकीने कुठेतरी चुकायलाच हवं होतं. बालवाडीपासूनच्या मैत्रिणीबद्दल असं मनात आणणं बरं नव्हे, पण ते दोघींच्याही मनात येत होतं.

"तुमचं चालू द्या बाई," मागून मियॉन म्हणाली. वर्गात शेवटून पहिली यायचा मान तिचा. "माझी शेवटची, नववी श्रेणी पक्की आहे. मी खाली सतरंजी अंथरते म्हणून तुम्ही वर ऐसपैस बसता. कधी आभार मानलेत?"

मुली हसल्या. दासोल हसली नाही, ती नखं कुरतडत होती. आज तिचा वाढदिवस. पण वाढदिवसाला प्यायचं ते समुद्री शेवाळाचं सूप सकाळी तिला मिळालं नव्हतं. परीक्षेच्या दिवशी ते बुळबुळीत सूप पोटात गेलं की माणूस घसरतो म्हणतात, म्हणून आईने ते संध्याकाळवर ढकललं होतं. सकाळी नुसता भात आणि अंडं खाऊन ती आली होती.

सोळाही जुळलं.

"सतरा?" दासोलचा आवाज कोरडा पडला होता. "लिफ्टचा."

"तू सांग आधी."

"चौथा. खाली येणारी लिफ्ट थांबत आली की वजनकाटा जास्त दाखवणार. हो ना?"

ग्युरीने दासोलच्या बोटांकडे पाहिलं. एका नखाच्या कडेला रक्त आलं होतं.

"मी तिसरा लिहिला," ग्युरी म्हणाली. "तेवढंच दाखवेल, असा."

दासोल बाकावरून पुढे झुकली.

"तिसरा? अगं, पण ती थांबत आलीय."

"ते वाचलंच नाही मी. एकाच वेगाने येतेय असं धरून चालले. तुझंच बरोबर."

उरलेले तीन प्रश्न भराभर जुळले. दासोलचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. आनंद तिला लपवता येईना, आणि आनंद झाला याची लाजही वाटत होती. "थांब हं, आईला सांगून येते," असं काहीतरी पुटपुटत ती उठली, पेपरआधी सगळ्यांचे फोन जमा केलेल्या टोपलीतून आपला फोन घेतला आणि बाहेर पळाली. ग्युरीला ते जरा लागलंच. पण तिच्या जागी आपण असतो तर आपणही अशाच पळालो असतो, हे ती जाणून होती.

मुली पांगल्या. मियॉन मात्र हलली नाही. ती दासोलच्या जागेवर येऊन बसली.

"ए. परवा तू मला तुमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभं केलं होतंस."

"मग?"

"खाली, वर, परत खाली. सातव्या मजल्यावरच्या त्या आजी आत आल्या, माझं वजन वाचलं आणि 'अगं बाई' म्हणाल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला."

"मग काय?"

"मग काय म्हणजे? मला चौथा आला! मला! आणि शिकवणारी तिसरा लिहून आली?"

ग्युरी पेनं पिशवीत भरत होती. "हळू बोल."

मियॉनने आवाज खाली आणला. "सोमवारी गुण कळतील. तुझाही चौथाच निघाला की तिच्या मनाला दुप्पट लागेल."

"लागेल ना. सोमवारी रडायला आम्ही दोघी आहोतच. आज तिला सूप तरी गोड लागू दे."

"आणि तुझं काय?"

"माझं काय," ग्युरीने पिशवीची चेन ओढली. "माझा सोमवार आजच झाला."



तेवढ्यात दासोल परत आली. डोळे ओले होते, नाक लाल झालं होतं. "आई म्हणतेय, तुलाही घेऊन ये. पातेलंभर केलंय." मग ती ग्युरीच्या जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस ना गं. एकच तर प्रश्न."

"हो ना," ग्युरी म्हणाली. "एकच."

"दे इकडे ते दप्तर."

"अगं, राहू दे."

"दे म्हटलं ना. आज तू काही उचलायचं नाहीस."

तिने ग्युरीचं दप्तर ओढून घेतलं आणि आपल्या दुसऱ्या खांद्यावर टाकलं. मियॉनने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ग्युरीने वळून नुसतं पाहिलं, तसं तिने ते मिटलं.

दोन दप्तरांच्या ओझ्याने दासोल जिना जराशी वाकडी उतरत होती, मधेच मागे वळून हसत होती. ग्युरीने आपलं दप्तर परत मागितलं नाही.