दादाभाऊंची धमकी

शिवनेरीच्या तालुक्यात शूरांची वानवा कधीच नव्हती, आणि सोमवारपासून त्यांत आमच्या दादाभाऊंची भर पडली. साहेबांना जिवे मारण्याची धमकी दिली म्हणून दूध डेअरीनं त्यांना निलंबित केलं. अंधार पडला की परसात जाताना बायकोला पुढं घालणारा हा माणूस. झालं होतं एवढंच: डेअरीशेजारच्या उसात वनखात्याची माणसं बिबट्यासाठी पिंजरा लावत होती, आमिषाला शेळी आणली होती, आणि चहा पिता पिता दादाभाऊ बोलून गेले, "शेळी कशाला घालता राव, आमच्या सायबाला बांधा." शहरातून नुकतेच बदलून आलेले साहेब नेमके मागं उभे होते. बातमी आमच्या गावात, निमगाव सावात पोचली तशी पारावरची माणसं सरकून दादाभाऊंना जागा देऊ लागली. "वाघ हाये आपला भाऊ," म्हातारे गेणभाऊ म्हणाले, "आमीच वळखलं न्हाई." लग्न झाल्यापासून पहिल्यांदा नूतनवहिनींनी नवऱ्याला विचारून भाजी केली. दादाभाऊंनी कशालाच नाही म्हटलं नाही. मिशा तेवढ्या वाढवायला घेतल्या. आज चौकशीला अर्धं गाव टेम्पोनं डेअरीवर आलं. साहेब म्हणाले, "माफी मागा, उद्यापासून कामावर या. नाहीतर नोकरी गेली समजा." दादाभाऊंनी उघड्या दारातून बाहेर बघितलं. गर्दीत सगळ्यांत पुढं नूतनवहिनी ताठ मानेनं उभ्या होत्या. दादाभाऊ टेबलाजवळ सरकले, आवाज बारीक केला. "मागतो सायेब, पायजे तेवढी मागतो. आधी तेवढं दार लावून घेऊ का?"