‘स्पेअर पार्ट’ची पहिली रेकॉर्ड

१९७७ साली चिंचवडच्या एका कारखान्यातल्या चौघांनी ‘स्पेअर पार्ट’ नावाचा रॉक बँड काढला आणि गुरुवारच्या सुट्टीत पहिली रेकॉर्डही काढली. तीत टाइम ऑफिसवर एक गाणं होतं आणि कँटीनच्या डाळीवर दोन. सहा प्रती खपल्या, त्याही नातेवाइकांत. ठोका कोणी चुकवला, यावरून स्टुडिओच्या दारातच गायक रंगराव आणि ड्रमवाला कोंडीराम भांडले. दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत. कोंडीरामनं ती रेकॉर्डही ऐकली नाही. पुढे प्रेस शॉपच्या दणदणाटात त्याचे कानच गेले.

परवा रंगरावची नात स्वरूपा रेकॉर्ड आणि प्लेअर घेऊन चिखलीला कोंडीरामच्या घरी आली.

“यांना काय कप्पाळ ऐकू येणार?” गिरजाबाई नवऱ्याकडे बघत म्हणाल्या.

कोंडीरामनं जुना स्क्रू ड्रायव्हर काढला. टोक स्पीकरच्या खोक्यावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडावर. फिटर म्हणून मशीनचा बिघाड तो असाच ऐकायचा. गाणं संपेपर्यंत त्याचा चेहरा हलला नाही.

“बिघाड माझ्याच ड्रममध्ये आहे,” तो म्हणाला. “रंगरावला बोलव, पोरी. सांगून टाकतो.”

स्वरूपानं मोबाइलवर लिहून दाखवलं: ‘आजोबा पाडव्याला गेले.’

कोंडीरामनं ते दोनदा वाचलं आणि स्क्रू ड्रायव्हर पुन्हा खोक्यावर टेकवला.

“मग परत लाव. बोलू दे त्याला.”