साहेबांच्या गावचा सण

मिलोरादसाहेबांनी मेणबत्ती लावली आणि कॅम्पातल्या आपल्या खोलीचं दार सताड उघडं टाकलं. याकूब खानसाम्याने साखर घालून उकडलेल्या गव्हाचं भांडं टेबलावर ठेवलं. आज साहेबांच्या कुळाच्या संताचा दिवस. या दिवशी कुणाला आमंत्रण द्यायचं नसतं. येईल तो पाहुणा.

आलं मात्र कुणी नाही. साल अडुसष्ट, दुबईचं नवं बंदर नुकतं बांधायला घेतलेलं. तिथे साहेबांच्या मुलखाचं दुसरं होतंच कोण?

याकूबला त्याचं फारसं सोयरसुतक नव्हतं. साहेबांची कळी खुलली की धाकट्या भावाच्या, मुनीरच्या नोकरीसाठी शब्द टाकायचा, एवढ्यासाठीच त्याने सकाळपासून घाम गाळला होता. रत्नागिरीकडच्या त्याच्या वाडीत तरणा म्हणून आता मुनीरच तेवढा उरला होता. बाकीचे सगळे इकडे, नाहीतर बोटीवर.

"यल्ला, चल, बस. तूच माझा पाहुणा," साहेब मुंबईच्या गोदीत शिकलेल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, आणि सर्बियातल्या आपल्या खेड्याचं सांगत सुटले. आजोबांच्या काळी घरांत माणसं मावत नव्हती. लढाईने निम्मे पुरुष गिळले. मग डोंगरातली कुटुंबं उतरून रिकाम्या घरांत राहिली, पुन्हा पाळणे हलले. आता त्यांचीही पोरं जर्मनीच्या कारखान्यांत.

"या खेपेला कुणी मारलं नाही, हाकललं नाही. पहिला मी निघालो. मग भावाला बाहेर काढलं, त्याने मेव्हण्याला. भलं करतोय असंच वाटायचं रे."

याकूबला हे ऐकायचंच नव्हतं. त्याने घाईघाईने मुनीरचं नाव काढलं.

"तुझा भाऊ ना? बोलाव मग. उद्याच ऑफिसातून तार करतो."

काम फत्ते झालं होतं. तरी याकूब उठला नाही. मुनीर निघाला की वाडीत उरणार म्हातारी आई मरियमबी, भावजया आणि पोरंबाळं. मागच्या थंडीत साहेबांची आई वारली तेव्हा साहेब इथेच होते, हे त्याला ठाऊक होतं.

"साहेब, तुमच्या आईला खांदा कुणी दिला?"

साहेबांनी मान वर केली नाही. "शेजारच्या गावच्यांनी. मजुरी देऊन आणले होते."

गव्हाचं भांडं याकूबकडे सरकवत त्यांनी विचारलं, "मग तार करू ना?"

"करा," याकूब म्हणाला.

साहेबांना ऐकूच गेलं नाही. त्याला तो शब्द पुन्हा म्हणावा लागला.