मटणाची जन्मतारीख

मन्तशाने शेवटच्या डब्यावरची चिठ्ठी टर्रकन ओढून काढली आणि कुर्त्याच्या खिशात कोंबली. आता फ्रीजच्या खालच्या कप्प्यात एकसारखे पाच पांढरे डबे उरले. कशावर काही लिहिलेलं नाही. होऊन जाऊ दे आज, ती मनाशी म्हणाली.

राग कालचा होता. मन्तशा लग्नाआधीपासून हिंजवडीतल्या एका कँटीनमध्ये देखरेखीला होती. तिथली शिस्त तिने सासरी, पौडला आणली. नवरा मतीन रविवारी पुण्याहून म्हशीचं मटण आणायचा. मन्तशा एका वेळेपुरतं एका डब्यात भरायची, वर तारीख चिकटवायची आणि लगेच फ्रीजरमध्ये टाकायची. काल शेजारच्या साधनाकाकूंसमोर सासूबाई, सुलतानाबी, म्हणाल्या, "आमची सून मटणाची जन्मतारीख लिवती. उद्या बारसं बी घालंल!" काकू पोट धरधरून हसल्या. मन्तशाला ते फार लागलं.

या घरात चालायचं ते सुलतानाबींचं नाक. डबा निघाला की त्या चष्मा चढवायच्या, डबा हातात फिरवायच्या, झाकण उघडून हुंगायच्या आणि सांगायच्या, "दोन हप्त्याचं हाय. आज उरका." फ्रीजकडे कधी न फिरकणारे सासरे बाबालाल मग गावभर सांगत सुटायचे, की अख्ख्या मुळशीत असं नाक नाही. हुंगायला चष्मा कशाला, असं मन्तशाने एकदा विचारलंही होतं. "डोळं उघडं असल्याबिगर नाक चालत न्हाई," असं उत्तर मिळालं.

तारीख मी लिहायची आणि शाबासकी नाकाला! आज एकदा तरी सासूने तोंडाने विचारावं, चिठ्ठी कुठे आहे, एवढंच तिला हवं होतं.

दिवस मात्र तिने भलताच निवडला होता. नणंद आसमाला बघून गेलेली बावधनची मंडळी दुपारी जेवायला येणार होती आणि जेवणानंतर काय ते सांगणार होती. चार डबे रात्रीच फ्रीजरमधून खाली उतरवून ठेवले होते. पाचवा परवा मतीन ओट्यावरच विसरला होता. दिवसभर तो डबा उकाड्यात बाहेर राहिला. सुलतानाबी तेव्हा कासारसाईला बहिणीकडे गेल्या होत्या. त्या डब्यावर मन्तशाने ठळक लिहिलं होतं, 'कुत्र्यांसाठी'. तीही चिठ्ठी आता खिशात होती. तो डबा कुठला हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून भीती नव्हती.

कांदा लाल झाला. कच्च्या पपईचा गर वाटून तयार होता. सुलतानाबी आल्या, त्यांनी चष्मा चढवला आणि एक डबा काढला. फिरवला. खालून पाहिला, वरून पाहिला. मग दुसरा, मग तिसरा. मग चौथा. पाचवा त्यांनी दोनदा उलटा करून पाहिला. झाकण उघडून त्यांनी नाक आत घातलं आणि लांब श्वास घेतला.

तळलेल्या कांद्याच्या वासातूनही ती घाण शेगडीपाशी उभ्या असलेल्या मन्तशापर्यंत आली. तिने ओढणी नाकाला लावली.

"ताजं हाय," सुलतानाबी म्हणाल्या. "ह्योच टाक आधी कुकरात."

"आत काय मेलंय का गं?" बाहेरून बाबालाल ओरडले.

सुलतानाबींनी डब्याकडे पाहिलं, मग सुनेच्या ओढणीकडे. त्यांचा चेहरा एवढासा झाला. मन्तशाचा राग कुठल्या कुठे गेला. तिने झाकण लावलं.

"अम्मी, कधीपासून?"

"करोना झाल्ता तवापासनं. कशाचाच वास येत न्हाई." त्या हळू आवाजात बोलत होत्या. "कुनाला सांगितलं न्हाई. ह्या घरात माजं म्हनून हाय काय, एक नाक! नुसत्या अंदाजानं दिस काढलं. कुनाला काय बाधलं तर, म्हनून लई भ्या वाटायचं. तू आलीस, चिठ्ठ्या लावाय लागलीस, तवा कुटं मला झोप लागाय लागली."

"मग थट्टा कशाला करायची?"

"न्हाई केली तर कळंल की सगळ्यांला!"

मन्तशाला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आलं. तेवढ्यात बाबालाल नाक दाबून दारात उभे राहिले.

"अब्बा, कुत्र्यांचा डबा या डब्यांत मिसळला होता," मन्तशा म्हणाली. "अम्मींनी बरोबर तोच बाजूला काढला. नाहीतर आज पाहुण्यांच्या ताटात गेला असता."

"मी म्हनत न्हवतो?" बाबालाल छाती फुगवून म्हणाले आणि डबा घेऊन गेले.

बावधनच्या मंडळींनी दोनदा रस्सा मागून घेतला आणि हात धुता धुताच होकार दिला. बाबालालनी त्यांना नाकाची गोष्ट हातवारे करून सांगितली. सुलतानाबी पदराआड खोकत राहिल्या.

संध्याकाळी मन्तशाने दुकानातून जाड मार्कर आणला. फ्रीजरमध्ये उरलेल्या डब्यांवर तिने नव्या चिठ्ठ्या लावल्या आणि तारखा बोटभर उंच अक्षरांत लिहिल्या, अम्मींच्या नाकाला चष्म्याशिवाय दिसतील एवढ्या.