पुठ्ठ्याआडचा फासा

थोरल्याने खुर्ची टेबलापासून लांब, थेट दारापाशी ओढली आणि चपला न काढताच बसला. म्हणजे उठून जायची सोय.

"हा येणार असेल तर मी चाललो," धाकट्याकडे न बघता तो म्हणाला.

"मी कधीचा आलोय," धाकटा म्हणाला. "डोळे तपासून घे. घरात चष्म्याचं दुकान असून काय उपयोग?"

दुकान भाऊजींचं. भाऊजी म्हणजे या दोघांच्या ताईचा नवरा, गल्लीच्या तोंडाशी बसणारा चष्मेवाला. एरवी असल्या टोल्यावर पहिला तोच हसला असता. आज तो टेबलावरचा उभा पुठ्ठा उगीचच सरळ करत राहिला.

हा पुठ्ठा म्हणजे त्यांच्या खेळातली भिंत. खेळ असा, की प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी चोर, आणि चष्मेवाल्याने रचलेल्या गोष्टीतून वाट काढायची. जिथे जिवावर बेतेल तिथे चष्मेवाला पुठ्ठ्याआड वीस बाजूंचा फासा टाकणार आणि आकडा सांगणार. मोठा आला तर तरलात, लहान आला तर मेलात. फासा कुणी वाकून बघायचा नाही, हा घरचा कायदा. इतक्या वर्षांत तो कुणी मोडला नव्हता.

मागच्या डावात थोरल्याचा योद्धा दरीत उतरत होता. पांढऱ्या दाढीचा, थोरल्याने पोटच्या पोरासारखा वाढवलेला योद्धा. दोराची गाठ मारायचं काम धाकट्याच्या चोराकडे. चोराला खजिन्याची घाई. "मारली गाठ, उतर तू!" म्हणाला. पुठ्ठ्याआड फासा खडखडला. चष्मेवाला जरा थांबला आणि म्हणाला, "एक."

एक म्हणजे गाठ सुटली. योद्धा गेला.

"मुद्दाम ढिली मारलीस!" थोरला ओरडला. "बेकरीतही तुझं हेच. सगळं नुसतं उरकायचं."

"आणि तू खेळातसुद्धा माझा मालकच!"

दरीतलं भांडण तिथून बेकरीत शिरलं, बेकरीतून वडिलांच्या आजारपणात, आणि मग दोघांची तोंडं बंद झाली ती झालीच. बेकरी एकच. थोरला पीठ मळणार, धाकटा भाजणार. भट्टी तापली एवढं सांगायलासुद्धा मधे एखादं गिऱ्हाईक धरावं लागे. पाव कधी कच्चा, कधी कोळसा. आता थोरल्याने वाटणीची भाषा काढली होती.

"माझे भाऊ तुमच्या टेबलावर तुटले," बायको एवढंच म्हणाली होती. त्यानंतर नवरा-बायकोचं बोलणं मीठ द्या, दार लावा, इतकंच उरलं. गिऱ्हाइकाच्या नाकावर भिंगं चढवली की त्याला वाटे, हा अक्षरं वाचत नाही, आपल्यालाच वाचतोय. खेळ या घरात त्यानेच आणला होता. त्या दोघांना ओढून टेबलाशी त्यानेच बसवलं होतं.

आज बोलायचं ते त्याने दुकानातल्या आरशासमोर पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं होतं. दरवेळी आरशातल्या माणसाची मान खाली जायची. उभ्या आयुष्यात असलं काही तोंडातून काढायची वेळ आली नव्हती.

बायको कप ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली.

"त्या दिवशी एक पडला नव्हता," चष्मेवाला म्हणाला.

धाकट्याने मान वर केली. "मग?"

"अठरा. तुझी गाठ पक्की होती. आकडा मी खोटा सांगितला."

"का?" थोरल्याने विचारलं.

याचं उत्तर मात्र तयार नव्हतं. चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुझा तो म्हातारा मरतच नव्हता रे. मला त्याचा कंटाळा आला होता."

"कंटाळा!" थोरला उठलाच. "कंटाळा आला म्हणून माझा माणूस मारलात? आणि मी इकडे याला नाही नाही ते बोललो!"

"मला तर वाटायला लागलं होतं, की खरंच ढिली मारली की काय मी," धाकटा पुटपुटला. मग तोही उखडला. "भाऊजी, दादा माझी सालटी काढत होता आणि तुम्ही पुठ्ठ्यामागे गप्प बसलात?"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणे!" थोरला म्हणाला. "चष्मेवाल्यानेच डोळ्यांत धूळ फेकली."

"तीही आधीच आंधळा असलेल्याच्या," धाकटा म्हणाला.

थोरल्याने त्याच्या टाळक्यात टपली मारली. मग हात तिथेच, मानेवर, राहू दिला.

"चल. पीठ फुगून बाहेर आलं असेल."

"मीठ घातलंयस का या खेपेला?"

"घातलंय रे. आणि ऐक, खेळायचं तर यापुढे बेकरीत खेळू. गोष्ट तू रच. फासा सगळ्यांसमोर पडेल." दारातून थोरला वळला. "ताई, तुझ्याकडे येत जाऊ आम्ही. यांच्या टेबलाशी मात्र बसणार नाही."

जिन्यावरून दोघांचे आवाज एकात एक मिसळून खाली गेले. बोलणं भाऊजींवरच चाललं होतं, आणि ते काही चांगलं नव्हतं.

चष्मेवाल्याने पुठ्ठ्याची घडी घातली. ज्याच्या शब्दावर सोंगं जगायची नि मरायची, त्या माणसाचं आता या घरात काही उरलं नव्हतं. बायकोकडे बघायची त्याची छाती होईना. ती काय बोलेल ते ऐकून घ्यायचं, एवढंच त्याने ठरवलं.

ती शेजारची खुर्ची ओढून बसली.

"त्या दिवशी मी तुमच्या मागेच उभी होते," ती म्हणाली. "फासा मला दिसला होता. एकच पडला होता."